धोटा हलका करण्याआधी तो सरळ उडवा

तुमचा प्रश्न वाचून माझ्या जॉबरकीची, म्हणजे माग जुळवणाऱ्या मिस्त्रीच्या कामाची, पहिली दहा वर्षं डोळ्यांसमोरून गेली. तुमच्या घरचे 24 साधे यंत्रमाग, 52 इंची, त्यावर 40 नंबरच्या सुताचं पॉपलीन. धोटे, म्हणजे पोटात आडवं सूत घेऊन मागावर इकडून तिकडे पळणारे तुकडे, वरचेवर फुटतात, मधूनच एखादा अडकून उभे धागे तुटतात आणि कापडाच्या एकाच कडेजवळ आडव्या सुताचे झुपके दिसतात. तुम्ही मेकॅनिकलचा डिप्लोमा केलाय आणि सध्याच्या 450 ग्रॅमच्या लाकडी धोट्याऐवजी नायलॉनचा, 300 ग्रॅमचा नवा धोटा काढायचं मनात आहे. नमुना थ्रीडी प्रिंट करून थेट मागावर लावू का, असंही विचारलंय.

थेट लावू नका. पण कल्पना मोडीत काढण्यासारखी नाही. फक्त ती उलट्या टोकाने सुरू झाली आहे.

आधी जरा हिशोब मांडू, कारण वजन कमी करावंसं का वाटतं ते आकड्यांतच दिसतं. माग मिनिटाला 160 पीक, म्हणजे आडवे धागे, टाकतो असं धरू. म्हणजे एक फेरा 0.375 सेकंदांचा. त्यातले साधारण 130 अंशच धोट्याला उभ्या धाग्यांच्या तोंडातून, म्हणजे वर-खाली उघडलेल्या धाग्यांमधल्या फटीतून, पार व्हायला मिळतात, म्हणजे 0.135 सेकंद. फणीची (उभे धागे जिच्यातून जातात त्या दातेरी पट्टीची) रुंदी 1.32 मीटर, धोट्याची स्वतःची लांबी 38 सेंटिमीटर. धोट्याचं नाक आत शिरल्यापासून शेपूट बाहेर पडेपर्यंत 1.70 मीटर अंतर झालं. भागाकार केला की सेकंदाला साडेबारा मीटर येतात. मागाच्या कडेला धोटा थांबतो त्या जेमतेम एक हात लांबीच्या बॉक्समध्ये इतका वेग द्यायचा आणि पलीकडच्या बॉक्समध्ये तो संपवायचा. पाव मीटरमध्ये थांबवायचा म्हटलं तर गुरुत्वाकर्षणाच्या तीसपट झटका बसतो. हा झटका मिनिटाला 160 वेळा, दिवसभर. कारण काय, तर 40 नंबरच्या सुताचा सव्वा-दीड मीटर तुकडा मांडायचा. त्या तुकड्याचं वजन एका ग्रॅमचा पन्नासावा भाग. त्यासाठी अर्धा किलो लाकूड फेकायचं. कोणत्याही इंजिनियरला हे बघवत नाही, हे मी समजू शकतो.

पण धोट्याचा इतिहास बघा. 1733 मध्ये लँकेशायरच्या जॉन केने उडता धोटा काढला, तेव्हा त्याने धोट्याचं वजन कमी केलं नाही. हाताने फेकायचा तो दोरीने ओढलेल्या पिकरने, म्हणजे धोट्याला फटका देणाऱ्या ठोकळ्याने, मारायची सोय केली. अमेरिकेत ड्रेपर कंपनीसाठी नॉर्थ्रोपने 1890 च्या दशकात आपोआप कांडी (धोट्याच्या पोटातली आडव्या सुताची नळी) बदलणारा माग केला, तेव्हा धोट्यात दोन गोष्टी बदलल्या. कांडीच्या बुडाशी असलेल्या कड्या पकडणारा स्प्रिंगचा जबडा आला आणि धागा आपोआप घुसेल असा खाचेचा डोळा, म्हणजे सूत बाहेर पडायचं भोक, आला. जपानमध्ये साकिची टोयोडांनी 1924 च्या जी टाइप मागात चालू वेगातच आख्खा धोटा बदलायची सोय केली आणि 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सने त्याचे हक्क एक लाख पौंडांना घेतले. यातल्या कोणीही धोटा हलका करायच्या मागे लागलं नव्हतं. वजन खरं कमी झालं ते सुल्झरच्या प्रोजेक्टाइल मागात, 1950 च्या दशकात. तिथला तुकडा 40 ग्रॅमचा आहे, कारण त्याच्या पोटात कांडीच नाही. सूत बाहेर कोनावर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर, राहतं आणि तो तुकडा फक्त टोक पकडून पळतो. थोडक्यात, कांडी पोटात ठेवून वजनाशी फार खेळता येत नाही. उरलेल्या सगळ्याशी मात्र भरपूर खेळता येतं.

मी स्वतः या वाटेने एकदा जाऊन आलोय. एका पुरवठादाराकडून नायलॉनचे हलके धोटे घेतले आणि आठ मागांवर लावले. पहिला आठवडा मजेत गेला. आवाज कमी, मोटरही निवांत. मग पाऊस सुरू झाला. नायलॉन हवेतली ओल पितं आणि फुगतं. बॉक्समध्ये धोटा घट्ट बसू लागला, जॉबरने स्वेलचा, म्हणजे बॉक्समध्ये धोट्याला दाबून थांबवणाऱ्या पट्टीचा, दाब ढिला केला. चार दिवस ऊन पडलं तसा तोच धोटा सैल झाला आणि बॉक्समध्ये आदळून मागे उसळायला लागला. उसळलेला धोटा पिकरपासून बोटभर लांब राहतो, पुढचा फटका अर्धवट बसतो आणि धोटा पलीकडे पोचतच नाही. एका मागावर तोंड मिटताना धोटा मधोमध सापडला आणि दीड-दोनशे उभे धागे गेले. वहीफणीवाला, म्हणजे तुटलेले उभे धागे जोडणारा कामगार, येऊन ते जोडेपर्यंत पाळी संपली. तेव्हा मी खापर नायलॉनवर फोडलं. खरी चूक माझी होती. वजन बदललं, पण फटका, स्वेल आणि वेळ आधीच्याच धोट्याच्या मापाने ठेवली होती.

हलक्या धोट्याची आणखी एक खोड सहसा कोणी मोजत नाही. भरलेल्या कांडीवर साधारण 30 ग्रॅम सूत असतं. 450 ग्रॅमच्या धोट्यात हा फरक सात टक्क्यांच्या आत राहतो, 300 ग्रॅमच्या धोट्यात दहा टक्के होतो. कांडी भरलेली असताना आणि संपत आलेली असताना धोटा वेगवेगळा वागतो, तो फरकच तुम्ही वाढवताय. शिवाय उभे धागे दोन्हीकडून घासतात ते तेवढेच घासतात. हलकं वजन त्या घासण्याने लवकर मंदावतं. मागाला वेगवान धोट्यापेक्षा रोज तसाच उडणारा धोटा जास्त मानवतो.

म्हणून पहिलं काम कोनाचं. धोटा खाली रेसबोर्डवर, म्हणजे त्याच्या वाटेच्या फळीवर, आणि मागे फणीवर टेकून पळतो. फणी आणि रेसबोर्ड यांच्यातला कोन बहुतेक मागांवर काटकोनापेक्षा थोडा कमी, 86-87 अंशांच्या आसपास असतो. धोट्याच्या मागच्या भिंतीचा आणि तळाचा कोन तंतोतंत तेवढाच हवा. बाजारातले धोटे एका मापाचे येतात, तुमचे 24 माग मात्र चोवीस मापांचे झालेले असतात. कोणाची फणी बदलली, कोणाचं रेसबोर्ड घासून खड्डा पडला. कोन मोजायचं बेव्हल गेज घ्या, प्रत्येक मागावर तीन ठिकाणी कोन बघा, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. मग धोटा फणीला टेकवून ठेवा आणि मागून बॅटरीचा उजेड पाडा. फटीतून उजेड दिसला की तो धोटा त्या मागाचा नाही. तळ टेकतो पण पाठ सुटते, असा धोटा प्रत्येक फेऱ्यात फणीला एका कडेने खरवडतो आणि कधीतरी वर उडतो. उडालेला धोटा कोणाच्या तोंडावर बसला म्हणजे काय होतं, हे मी बघितलेलं आहे. शटल गार्ड, म्हणजे उडालेला धोटा अडवणारी आड, काढून माग चालवू नका, आणि चाचणी चालू असताना बॉक्सच्या सरळ रेषेत कोणाला उभं राहू देऊ नका.

दुसरं, टोकांची रेषा. दोन्ही पोलादी टोकं धोट्याच्या मध्यरेषेत आणि दोन्ही बाजूंच्या पिकरच्या खड्ड्यासमोर यायला हवीत. टोकाला खडू किंवा निळ लावा, धोटा हाताने बॉक्समध्ये ढकला, पिकरवर ठिपका कुठे उमटतो बघा. तो दोन्हीकडे एकाच उंचीवर नसेल तर फटका तिरका बसतोय. मग तुम्ही सोन्याचा धोटा केलात तरी तो वाकडाच निघेल. तुमच्याकडे फुटलेले धोटे असतील तर ते टाकू नका, रांगेत मांडून ठेवा. टोकाच्या बुडाशी चीर असेल तर पिकरचा तिरका मार आहे. मागच्या भिंतीला ढलपी निघाली असेल तर फणीचा कोन चुकलाय. समोरची भिंत बॉक्सच्या तोंडाशी चेचली असेल तर धोटा उशिरा किंवा वाकडा आत शिरतोय. फुटलेला धोटा स्वतःच सगळं सांगतो, फक्त आपण तो बंबात घालतो.

आता ते कडेचे झुपके. हे तुमच्या प्रश्नातलं मला सगळ्यात आवडलेलं निरीक्षण आहे, कारण त्याचं उत्तर धोट्याच्या पोटात आहे. तुमच्या धोट्याचा डोळा ज्या बाजूला आहे, झुपके त्याच बाजूच्या कडेला येत असणार. का ते बघा. कांडीचं टोक डोळ्याकडे असतं. धोटा डोळ्याच्या बाजूच्या बॉक्समध्ये येऊन थांबतो, तेव्हा सूत पुढे, म्हणजे कांडीच्या टोकाकडे सरकू बघतं. लगेच तिथूनच उलट दिशेने फटका बसतो, धोटा निघतो आणि सूत मागे राहू बघतं. मागे म्हणजे पुन्हा टोकाकडेच. दोन्ही झटके एकाच बॉक्समध्ये आणि एकाच दिशेने. दुसऱ्या बाजूच्या बॉक्समध्ये हेच झटके सूत कांडीच्या बुडाकडे दाबतात, तिथे काही बिघडत नाही. तीसपट झटक्यात 30 ग्रॅम सुताला जवळपास 900 ग्रॅमचा ओढा बसतो. कांडी सैल भरलेली असेल तर चार-पाच वेढे एकदम सुटतात आणि कडेला झुपका पडतो.

याला तीन उपाय आहेत आणि पहिला धोट्याचा नाहीच. कांडी मशीनवर सुताचा ताण वाढवा आणि कांडीवरच्या वेढ्यांच्या निमुळत्या उताराची लांबी तपासा. कांड्या भरणाऱ्या बाईंना विचारा, त्यांना कोणत्या स्पिंडलची कांडी मऊ येते ते बोटांनी कळतं. मोजमापाची उपकरणं नंतर. दुसरा उपाय, डोळ्याच्या बाजूच्या बॉक्सचा स्वेल असा लावा की धोटा आदळून थांबण्याऐवजी दाबत थांबेल. थांबायला दोन-तीन इंच जास्त मिळाले तर झटका त्या मानाने उतरतो. तिसरा उपाय धोट्याचा. आतल्या भिंतींना फर किंवा नायलॉनचे बारीक लूप चिकटवा, म्हणजे सुटू पाहणारे वेढे तिथेच अडतील आणि कांडीवरून सुटताना सुताचा होणारा फुगाही आवरेल. पूर्वी सशाचं फर वापरत. मी नायलॉन लूपवर आलो, कारण फर झडतं आणि कापडात जातं. मात्र अस्तर एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ झालं तर सुताला ताण असमान बसतो आणि कापडावर पट्टे येतात. कांडी भरलेली, अर्धी आणि संपत आलेली, अशा तीन वेळा सूत डोळ्यातून ओढून ताण मोजा. संपताना ताण वाढतोच. तो किती वाढतो, हे तुमच्या डिझाईनचं खरं प्रगतिपुस्तक.

कांडी धोट्यात बसल्यावर तिचं टोक डोळ्याच्या मध्याकडे रोखलेलं असायला हवं. साध्या मागाच्या धोट्यात कांडी काट्यावर बसते आणि काटा बिजागरीवर उचलतो. ती बिजागरी ढिली झाली की कांडी वर-खाली डुलते, सूत भिंतीला घासतं आणि तुटतं. लोक डोळा बदलतात. बदलायची असते पाच रुपयांची पिन.

डोळा चिनी मातीचा किंवा सिरॅमिकचा ठेवा आणि त्याला वरून खाच द्या, म्हणजे सूत हाताने ओवता येईल. पूर्वी लँकेशायरमध्ये आणि अमेरिकेत विणकर डोळ्याला तोंड लावून सूत श्वासाने ओढत. तोच धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागायचा आणि क्षयासारखे रोग पसरायचे. मॅसॅच्युसेट्सने 1911 मध्ये त्यावर बंदी घातली, लँकेशायरला 1952 उजाडलं. आमच्याकडचे जुने कामगारही तोंडाने सूत ओढताना मी पाहिलेत. तुमच्या नव्या धोट्यात हा डोळा नसेल तर बाकी काहीही असू द्या, मी तो नापास करेन.

डोळ्यापासून निघणारी समोरच्या भिंतीवरची खाचण तितकीच महत्त्वाची. डोळा पुढे असताना धोटा पळतो, तेव्हा सूत डोळ्यातून निघून धोट्याच्या अख्ख्या अंगावरून मागे जातं. खाचण उथळ असेल तर बॉक्समध्ये शिरताना सूत स्वेल किंवा बॉक्सच्या भिंतीमध्ये चेंगरतं. डोळा मागे असलेल्या फेरीत हा त्रास नसतो. म्हणून आडवं सूत एक पीक सोडून एक तुटत असेल तर आधी खाचणीत बोट फिरवून बघा. कड धारदार लागली तर बारीक सँडपेपर पुरे.

आता आकार. तुमच्या ड्रॉइंगच्या कौशल्याचा खरा उपयोग इथे आहे. समोरच्या भिंतीची उंची तीन मिलिमीटरने कमी करता आली, तर उभ्या धाग्यांचं तोंड तेवढं कमी उघडून चालतं. तोंड 30 मिलिमीटरवरून 27 वर आलं तर वाटतं दहा टक्केच वाचले. पण धाग्याला बसणारी ओढ उंचीच्या वर्गाने वाढते, त्यामुळे ती एकोणीस टक्क्यांनी उतरते. 40 नंबरच्या उभ्या सुताला एवढी सवलत म्हणजे सणाची सुट्टी. वरची कड मात्र आतल्या बाजूला गोल करा. तसंच, धोटा तीन सेंटिमीटर आखूड झाला तर पार करायचं अंतर घटतं, लागणारा वेग पावणेदोन टक्क्यांनी आणि ऊर्जा साडेतीन टक्क्यांनी कमी होते. फार नाही, पण फुकट मिळते. त्यासाठी कांडीची लांबी छाटू नका. 30 ग्रॅम सुताची कांडी 160 पिकांवर जेमतेम नऊ-साडेनऊ मिनिटं चालते. ती आणखी लहान केलीत तर विणकर दिवसभर कांड्याच बदलत बसेल.

एवढं सगळं बसल्यावर वजनाकडे या. शंभर-दीडशे ग्रॅमची झेप नको, पन्नासने सुरुवात करा. आणि वजन समोरच्या भिंतीतून आणि वरून काढा. तळ आणि पाठ जड राहू द्या, म्हणजे गुरुत्वमध्य खाली आणि फणीकडे राहील आणि धोटा पळताना फणीला धरून राहील. सगळीकडून सारखं पोखरलेला धोटा कागदावर देखणा दिसतो आणि मागावर भरकटतो. वजन उतरवलं की फटका, स्वेल आणि वेळ तिन्ही पुन्हा लावा. माझ्यासारखं करू नका.

पदार्थाबद्दल थोडक्यात. चांगला धोटा पूर्वी कॉर्नेल आणि परसिमॉन या परदेशी झाडांच्या घट्ट लाकडाचा असे. नंतर पातळ थरांना राळ पाजून दाबलेलं लाकूड आलं आणि मला अजूनही तेच सगळ्यात भरवशाचं वाटतं. साधं लाकूड असेल तर मागावर चढवण्याआधी जवसाच्या तेलात मुरवून सावलीत वाळवा, नाहीतर पावसाळ्यात तेही फुगतं. नायलॉन घेणार असाल तर त्यात काचतंतू मिसळलेलं घ्या, ओल कमी पितं. पॉलिस्टर विणणार असाल तर प्लॅस्टिकच्या धोट्यावर घर्षणाने स्थिर वीज साठते आणि धागे चिकटतात, हे ध्यानात ठेवा. थ्रीडी प्रिंटचा धोटा मागावर नको. तीस-चाळीसपट झटक्यात त्याचे थर सुटतात आणि तुकडे चेहऱ्याच्या उंचीवर उडतात. प्रिंट करा ते माप म्हणून. कोन बसतोय का, काटा फिरतोय का, खाचणीत सूत बसतंय का, हे हाताने बघायला त्याच्यासारखं स्वस्त साधन नाही. तुम्ही इचलकरंजीच्या जवळपास असाल तर तिथल्या डीकेटीई या इंजिनियरिंग कॉलेजमध्ये जाऊन बोला, टेक्स्टाइल आणि मेकॅनिकल एका छपराखाली मिळतील.

एक गोष्ट कोणी सांगणार नाही म्हणून सांगतो. तुमचा माग मिनिटाला साधारण 210 मीटर आडवं सूत टाकतो, हवेच्या झोताने सूत फेकणारा एअरजेट माग दोन हजारांच्या पुढे जातो. धोटा कितीही सुधारला तरी ही शर्यत जिंकायची नाही. धोट्याकडे आहे ती अखंड काठ. सूत कडेला तुटत नाही, वळून परत येतं. धोतर, साडी, पंचा अशा मालात ती काठ विकली जाते. तुमचं पॉपलीन शिवणाऱ्याकडे जातं, तो कड कापूनच टाकतो. त्यामुळे धोट्यावर खर्च करायचाच असेल तर चोवीसपैकी सहा माग काठाच्या मालावर नेता येतात का, ते वडिलांशी बोलून बघा. धोट्याच्या डिझाईनपेक्षा त्या बोलण्यातून जास्त पैसे निघतील, असा माझा अंदाज.

सुरुवात अशी करा. तुमचा सगळ्यात चांगला माग घेऊ नका आणि सगळ्यात वाईटही नको. मधले दोन निवडा. एकावर जुनाच धोटा, पण कोन, टोकं आणि अस्तर नीट केलेला. दुसऱ्यावर तुमचा नवा. पंधरा दिवस प्रत्येक थांबण्याची नोंद ठेवा: वेळ, कारण, कांडी किती उरली होती, धोटा कोणत्या बॉक्समध्ये होता. आणि त्या दोन मागांवरच्या विणकराची मजुरी त्या पंधरवड्यात टाकलेल्या पिकांच्या मोजणीवर ठेवू नका, रोजाने द्या. माग थांबला की त्याचे पैसे बुडतात, आणि चाचणीत माग थांबणारच. मी हे केलं नव्हतं. आठव्या दिवशी रात्रपाळीला अचानक गेलो तर नवा धोटा कांड्यांच्या टोपलीत, सुताच्या खाली लपवलेला होता आणि मागावर जुना मजेत पळत होता. माझ्या वहीत मात्र नव्या धोट्याची आठवडाभराची सुंदर आकडेवारी जमली होती.